शुक्रवारी बुजवायचा डोंगर

एखाद्या बाईला शुक्रवारी खड्डा बुजवायची मजुरी मिळते आणि शनिवारी तोच खड्डा खणायला साता समुद्रापलीकडची माणसं पैसे भरून येतात, तर या व्यवहारात नुकसान कोणाचं झालं, सांगाल?

घाईने 'कोणाचंच नाही' म्हणू नका. मी ते उत्तर पुष्कळ ऐकलं आहे. आमच्या सरपंचांनी ते ग्रामसभेत दिलं, पुण्याच्या सहल कंपनीच्या साहेबांनी फोनवर दिलं, आणि ज्यांच्या वस्तीची विहीर या व्यवहारापायी आटली त्या मार्था मावशींनीही दिलं.

संपादकांनी मला 'वाढत्या परदेशी पर्यटनाचे फायदे-तोटे' हा विषय दिला आणि दोन रकाने पाडून लिहिलं तरी चालेल असं सुचवलं. रकाने मला जमायचे नाहीत. माझ्या कामात फायदा आणि तोटा एकाच घमेल्यात भरून एकाच डोक्यावरून जातात. मी जे पाहिलं ते सांगते, रकाने तुम्ही पाडा.

मी गाईड आहे. गाव पारनेर तालुक्यात. नाव देत नाही, दिलं तर पाहुणे वाढतील. राळेगणसिद्धीच्या पाणलोटाच्या कामाचा बोलबाला झाल्यापासून आमच्या भागात परदेशी माणसाचं कोणाला नवल राहिलेलं नाही. शिर्डीला आलेले मलेशियाचे, मॉरिशसचे भाविक येतात, पुण्यात शिकणारी गोरी-काळी मुलं येतात, आणि ज्यांना आपण इथे का आलो हे शेवटपर्यंत कळत नाही असेही येतात. या सगळ्यांसाठी पुण्यातल्या एका कंपनीने सहल काढली, 'एक दिवस गावासाठी'. सकाळी वेशीत औक्षण, मग डोंगरावर श्रमदान, दुपारी चिंचेखाली पिठलं-भाकरी, संध्याकाळी बस परत. त्यांच्या इंग्रजीचं मराठी करणं, आमच्या मराठीचं इंग्रजी करणं आणि उन्हाने कोणी आडवं झालं तर लिंबू सरबत करणं, हे माझं काम.

माझ्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील आयुष्यभर चळवळीत. रोजगार हमीची, दारूबंदीची, पाणीवाटपाची पिवळी-गुलाबी पत्रकं कपाटात, गादीखाली, डब्यांच्या तळाशी असत. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता आला. मी गाईडचं काम धरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले की पगार घे, पण गप्प बसायचा पगार घेऊ नको. तो त्यांचा आशीर्वाद होता.

आता धंदा समजून घ्या. आमचा सगळा खेळ चराभोवती चालतो. डोंगराच्या उतारावर एकाच उंचीच्या रेषेत गुडघाभर खोल आडवा चर खणत जायचा. उतारावरून पळत येणारं पावसाचं पाणी त्यात अडतं, मुरतं आणि सावकाश पायथ्याच्या विहिरींना पोचतं. पाणी पळतं, त्याला बसायला जागा करून द्यायची, एवढंच त्यातलं शास्त्र.

सुरुवातीच्या काळात हे काम खरोखर झालं. गावाने खणलं, पाहुण्यांनी खणलं. पायथ्याला साळवे वस्ती आहे, ख्रिस्ती घरांची. तिथे पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. नळाचे पाईप आलेत, त्यातून पाणी यायचं बाकी आहे. चर होण्याआधी या विहिरीने होळीनंतर कधी पाणी दिलं नव्हतं. चर झाल्यावर ती ज्येष्ठापर्यंत टिकली. वस्तीतल्या मार्था मावशी आमच्या मजूर बायकांच्या मुकादम. अंगाने आडव्या, आवाज चर्चच्या घंटेला ऐकू जाईल असा. हाताखालच्या बायका हिंदू असोत की ख्रिस्ती, मावशींना सारख्याच भीत. प्रत्येक पाहुण्याला मावशी हाताने वर डोंगर दाखवत, मग खाली विहीर दाखवत आणि स्वतःच्या इंग्रजीत सांगत, "युवर चर, माय व्हीर. वॉटर कम." पाहुण्यांना यापलीकडे भाषण लागत नसे.

मग एक दिवस डोंगर संपला.

म्हणजे डोंगर जागेवरच होता, चर खणायला जागा उरली नव्हती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम पुरं झालं. अशा दिवशी गावाने पेढे वाटायचे, पण आमच्याकडे ग्रामपंचायतीत सुतकी बैठक भरली. शनिवारी बस येणार होती, पाहुण्यांनी त्यासाठी नवे बूट घेतले होते. सरपंच म्हणाले, शेजारच्या गावाचा डोंगर भाड्याने मिळतो का बघू. एकाने सुचवलं, खणल्यासारखं करू द्या. एक म्हातारबुवा म्हणाले, सरळ सांगून टाका की काम झालं, आता नुसतं जेवून जा. त्यांना कोणी उत्तरही दिलं नाही. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या मार्था मावशी म्हणाल्या, "मंग कालचे बुजवा की."

मला वाटलं मावशींनी थट्टा केली. सरपंच मात्र विचारात पडले.

त्या शुक्रवारी मावशींच्या टोळीने वस्तीच्या वरच्या अंगाचे चर बुजवले. शनिवारी पाहुण्यांनी ते खणले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बुजवले. आमचा मुरूम असा की कुदळीतून ठिणगी उडावी, पण कालच भरलेला मुरूम लोण्यासारखा लागतो. पाहुणे हरखून गेले. एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी तर माती पिशवीत भरून नेली. पुढे त्यांची मेल आली की या खडकावरचा थर इतका ताजा कसा, याचा उलगडा होत नाही. तेच ते मातकाम उलटसुलट होत राहिल्याने खणताना वस्तूही सापडू लागल्या. आधीच्या गटाचा गॉगल, क्रीमच्या बाटलीचं झाकण, एकदा बाटली उघडायचं गंजकं ओपनर. ते सापडलेल्या मुलाने सरपंचांना विचारलं, हे खर्ड्याच्या लढाईतलं असेल का? खर्डा आमच्यापासून पार तिकडे जामखेडला. सरपंच म्हणाले, असू शकतं.

मावशी रविवारी कुदळ-फावड्याला हात लावत नसत. सकाळी चर्च, दुपारी विश्रांती. बाकीच्या बायकाही मग येत नसत. शनिवारी संध्याकाळपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत आमचा डोंगर जसा असायला हवा तसा असे. शुक्रवारी तो पुन्हा खोटा होई.

आणि गावाला सुगी आली, हेही सांगितलं पाहिजे. घरोघर संडास झाले. पाहुणे उतरायला खोल्या बांधल्या गेल्या. पोरं इंग्रजी बोलायला लागली. त्याबरोबर दुसरंही घडलं. सगळ्यांनी गॅस मागच्या खोलीत नेला आणि पुढच्या अंगणात चूल मांडली, कारण फोटो चुलीचा निघतो. औताची जी एक बैलजोडी उरली होती तिला फोटोची अशी सवय लागली की समोर मोबाईल दिसला की बैल मान उंच करून थांबत. मालकाला नांगरताना फोन आला तर खिशातून काढायची चोरी.

शिवाय पाट्या. आमच्याकडे देवळाच्या पायरीपासून स्मशानातल्या बाकड्यापर्यंत देणाऱ्याचं नाव घातल्याखेरीज काम पुरं झालं असं कोणी मानत नाही. त्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांच्या चराशेजारी त्यांच्या नावाची पत्र्याची पाटी रोवली जाई. पाहुणा पाटीशेजारी उभा राहून फोटो काढी आणि आयुष्यभराचं समाधान घेऊन जाई. चर बुजला की पाटी पेंटरकडे, जुन्या नावावर नवा रंग.

मी गप्प बसले नाही. पत्रक काढलं. 'बंधू-भगिनींनो, डोंगर पाण्यासाठी आहे की फोटोसाठी?' हा मथळा. खाली सगळं स्वच्छ लिहिलं. चर बुजलेले असताना पाऊस आला तर पाणी मुरणार नाही, वस्तीची विहीर मरेल, आणि आपण पाहुण्यांशी खोटं वागतो आहोत. पारनेरला जाऊन पिवळ्या कागदावर छापून आणलं आणि शनिवारी वेशीत वाटायला उभी राहिले. गावातल्या कोणी घेतलं नाही. एकाने घेतलं, पण भजी बांधायला. पाहुण्यांनी मात्र गठ्ठा संपवला. हाताने छापल्यासारखं दिसतं, रंग अस्सल आहे, असं म्हणत त्यांनी त्यावर माझी सही मागितली.

सोमवारी पुण्याच्या साहेबांचा फोन आला. मला वाटलं नोकरी गेली.

"ताई, तुमचा तो निषेध लोकांना फार आवडला. दर शनिवारी अकराला ठेवता येईल का? साडेबाराला जेवण आहे, त्याआधी उरकेल."

मी संतापले. मग विचार केला, गर्दी तेवढ्याच वेळेला असते. माणसं ऐकायला उभी राहत असतील तर का सोडा? मी फलक घेऊन डोंगराच्या पायथ्याशी उभी राहू लागले आणि मराठी-इंग्रजीत जे खरं ते ओरडून सांगू लागले, की तुम्ही आज जो चर खणणार आहात तो काल बुजवलेला आहे. लोक टाळ्या वाजवत. कॅनडाच्या एका आजोबांना भरून आलं. एका बाईने माझा फलक मागून घेतला आणि उलटा धरून माझ्यापेक्षा मोठ्याने घोषणा दिली. नंतर सगळे कुदळी घेऊन वर जात आणि काल बुजवलेला चर खणत. सहलीबद्दल इंटरनेटवर कोणी लिहिलं की जेवण तिखट होतं, पण निषेध अस्सल होता.

एका शनिवारी मी चिडून गेलेच नाही. गटाने तक्रार केली, कंपनीने त्यांना पैशात सूट दिली, आणि संध्याकाळी सरपंच आमच्या दारात. फार दुखावले होते. "विरोध करायचा तर नेमानं करावा, ताई. मनाला येईल तवा केला तर गावाची बदनामी हुती." माझ्या वडिलांना हे आयुष्यात कोणी ऐकवलं नव्हतं. ते उठून आत गेले. रागावले असतील असं मला वाटलं. मग आतून हसण्याचा आवाज आला.

भाद्रपदातल्या एका शुक्रवारी हसणं थांबलं. दुसऱ्या दिवशी मोठा गट यायचा होता, म्हणून वस्तीवरचा सगळा उतार टोळीने एकजात बुजवला होता. बायका घरी पोचतात न पोचतात तोच दुपारी आभाळ फाटलं. पाण्याला बसायला कुठे जागा नव्हती. ते सैल मुरूम घेऊन लालभडक होऊन खाली आलं, विहिरीचा कठडा एका बाजूने घेऊन गेलं आणि विहिरीत शिरलं. बसचा दौरा रद्द झाला, याचं गावात दुःख झालं. विहीर काठोकाठ भरलेली दिसत होती, याचा वस्तीत आनंद झाला. पुढे गाळ खाली बसला आणि झऱ्यांची तोंडं बंद झाली. वरून मुरून यायला डोंगरात काही उरलं नव्हतं. नाताळ यायच्या आत तळ दिसला.

नाताळच्या सकाळी साळवे वस्तीतल्या बायका नव्या साड्या नेसून टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या होत्या. मार्था मावशी रांगेत पहिल्या. मी गेले होते भांडायला. इतके दिवस पत्रकात लिहिलेलं सगळं समोर घडलं होतं आणि मला ते म्हणून दाखवायचं होतं. मी म्हणून दाखवलंही. टोळी तुमची, विहीर तुमची, आणि तुम्हीच मुरूम लोटता.

मावशींनी हंडा खाली ठेवला. "तुजं समदं बरोबर हाय, पोरी. पर थोरलीला घिऊन मी ऊसतोडीला गेल्ते. फडावर तिची शाळा सुटली ती सुटली. धाकटी नगरला नर्सिंग शिकती, ती ह्या शुक्रवारच्या कामावर. टँकर उशिरा येतो, पर येतो. लेकराचं गेलेलं वरीस कोन आनून देतं का?"

टँकरवाल्याने पाईप हलवला, रांग पुढे सरकली. मी त्यांचा हंडा उचलून पुढे ठेवला. परदेशी पर्यटन वाईट म्हणणाऱ्या शहाण्यांनी आधी उसाच्या फडावरच्या खोपीत एक थंडी काढावी, मग बोलावं. आणि चांगलं म्हणणाऱ्यांनी त्या टँकरच्या रांगेत उभं राहावं.

शिमग्याच्या आधी हॉलंडचा एक गट आला. त्यांच्या देशात शेतातलं पाणी बाहेर काढायला खर्च करतात, आमच्याकडे आत घालायला. त्या गटात एक पन्नाशीच्या बाई होत्या. आदल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी मारिके येऊन गेली होती. ती आता बाळंतीण होती, म्हणून आई एकटी आली होती. गाडीतून उतरताच मारिकेच्या आईने मला मोबाईलवर फोटो दाखवला. मारिके, तिचा चर, तिच्या नावाची पाटी, मागे एक मोठा कातळ. आईला दुसरं काही नको होतं. तो चर बघायचा आणि तिथे उभं राहून मुलीला व्हिडिओ कॉल लावायचा.

मारिकेचा चर तिच्यानंतर किती जणांनी खणला आणि किती वेळा बुजला, देवाला ठाऊक. तो कातळ तेवढा जागेवर होता.

सरपंचांनी प्रसंग ओळखला. पाहुण्यांना आधी जेवायला बसवा, आग्रह करा, असा हुकूम सुटला. मावशींची टोळी कातळाकडे धावली. पेंटरने पाट्यांचा ढीग काढला आणि पॉलिश पेपरने एकेक नाव खरवडू लागला. एका पाटीत वरून ब्रिस्बेनची शाळा निघाली, तिच्या खाली कोणाचा वाढदिवस, त्याच्या खाली एक नवविवाहित जोडपं आणि अगदी तळाशी मारिके. तिकडे बायकांनी चर खणला. तो वर्षाचा जुना दिसावा म्हणून बांधावर वाळलं गवत रोवलं, ते तुडवलं आणि वरून शेळ्या फिरवल्या. मला निरोप आला, अजून वेळ काढा. त्या दिवशी मी निषेध दोनदा केला.

मारिकेची आई चरापाशी पोचली तेव्हा बायका घाम पुसत एका बाजूला उभ्या होत्या. बाईंनी पाटीवरून हात फिरवला. रंग ओला नव्हता, एवढी अब्रू राहिली. कॉल लागला. तिकडे मारिके, मांडीवर गुंडाळलेलं बाळ. तिने चर पाहिला, आनंदाने काही बोलली आणि मग विचारलं, मावशी कुठे आहेत?

मावशी फोनपुढे आल्या. बाळ पाहून त्यांचा चेहरा असा झाला की त्या मुकादम आहेत हे सगळे विसरले. कानात तेल घालते का, पोट शेकते का, हे मी भराभर इंग्रजीत करत होते. मारिके हसत उत्तरं देत होती. मग तिने विचारलं, "तुम्ही म्हणाला होता माझ्या चराचं पाणी तुमच्या विहिरीत येईल. आलं का?"

मी भाषांतर करायच्या आधीच मावशींना कळलं होतं. प्रश्नातले 'व्हीर' आणि 'वॉटर' हे शब्द त्यांच्याच इंग्रजीतले होते. सरपंच मारिकेच्या आईच्या पाठीमागून माझ्याकडे बघून होकारार्थी मान हलवत होते. मावशी माझ्याकडे वळल्या.

"सांग तिला," त्या मला म्हणाल्या. "व्हीर कोरडी हाय. तुजा चर मीच बुजवला, बाई. दर शुक्रवारी बुजवीत आले. ह्यो तुजी आई जेवत व्हती तवा खनलाय."

हेच मी दर शनिवारी ओरडून सांगत आले होते. आता तेच हलक्या आवाजात सांगितलं, आणि पहिल्यांदाच कोणी टाळी वाजवली नाही. मारिकेच्या मांडीवरचं बाळ रडू लागलं. तिच्या आईने पाटीवरचा हात काढून घेतला. गटातली बाकीची माणसं हातातल्या कुदळीकडे अशी बघायला लागली, जणू ती कोणी दुसऱ्याने त्यांच्या हातात दिली आहे.

मी नंतर मावशींना विचारलं, इतकी वर्षं नाही आणि आज का? त्या म्हणाल्या, "बाळंतीन पान्याचं इचारती. तिला खोटं कसं सांगावं?"

मारिकेच्या आईने पुढचा चर कधी बुजणार हे विचारलं. शुक्रवारी, मी सांगितलं. त्या दिवसाची सगळ्या बायकांची मजुरी मी देते, बुजवू नका, असं त्या म्हणाल्या. मी ते मराठीत केलं तशा मावशी उसळल्या. "काम न करता मजुरी? आमी काय हापिसात हाय?" बायका हसल्या, सरपंचही चुकून हसले. "द्यायचीच आसंल तर म्हनावं व्हिरीतला गाळ काढायचा हाय. मानसं लागतील. आमी हाय, तुमी या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून ते काम सोमवारवर गेलं. हॉलंडच्या माणसांचा वेरूळला जायचा बेत होता. तो मोडून ती गावातच राहिली. सोमवारी सकाळी वरच्या चाकावर दोर चढला. बायका आणि पाहुणे विहिरीत उतरले, घमेली वर-खाली होऊ लागली. सगळे कमरेपर्यंत लाल चिखलात. फोटो काढायला कोणाचा हात कोरडा नव्हता. पुण्याहून साहेबांचा फोन आला. ते हादरले होते. विहिरीत उतरणं विम्यात बसत नाही म्हणाले. मी म्हटलं, डोंगरावर खोटं बोलणं बसत होतं का? त्यांनी फोन ठेवला. दुपारनंतर एका कोपऱ्यातून झऱ्याचं पाणी लागलं. करंगळीएवढं. मावशींनी ते ओंजळीत घेऊन आधी मारिकेच्या आईला दिलं. चिखलाचं होतं, बाईंनी पिऊन टाकलं. मी लिंबू सरबताची तयारी ठेवली.

त्यानंतर टोळीने बुजलेले चर मोकळे केले आणि मावशींनी सरपंचांना बजावलं, वस्तीवरच्या उताराला टोळीचं फावडं लागणार नाही. बाकीच्या डोंगरावर लावायचं तर दुसरी मुकादम बघा. दुसरी मुकादम मिळाली नाही.

हे इथेच संपलं असतं तर मी आनंदाने पत्रक काढलं असतं. पण कंपनीने बस घाटापलीकडच्या एका गावाकडे वळवली आहे. तिथला डोंगर अजून कोरा आहे. आमच्याकडे आता कधीमधी एखादी गाडी येते. माझं काम निम्म्यावर आलं, त्याचं मला फारसं काही नाही. पण यंदाचा पाऊस चरांत राहिला, वस्तीची विहीर या दिवाळीला भरलेली आहे, आणि ऊसतोडीचा मुकादम वस्तीत दोन चकरा मारून गेला आहे. धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं आहे. परवा विहिरीवर मावशी भेटल्या. म्हणाल्या, "पानी हाय आन काम न्हाई. आता ह्याचं पत्रक लिव."

म्हणून हे लिहिलं. मावशी फडावर जायला नकोत, आणि त्यासाठी डोंगर पुन्हा बुजायला नको. आमच्याकडे खरं काम भरपूर आहे. उरलेला गाळ काढायचा आहे, कठडा बांधायचा आहे, चरांच्या बांधांवर लावलेली झाडं उन्हाळ्यात जगवायची आहेत. यातलं काही एका दिवसात होत नाही आणि फोटोत दिसत नाही, म्हणून ते सहलीत बसत नाही.

या दिवाळीत तुमच्या घरी अमेरिकेतला भाऊ येईल, लंडनची मैत्रीण येईल, मुलीच्या ऑफिसातला एखादा परदेशी पाहुणा येईल. आमचं असो की दुसरं कुठलं, एखाद्या गावात जाऊन एक दिवस श्रमदान करायचं त्यांच्या मनात असेल. त्यांना अडवू नका. जाण्याआधी एवढं मात्र पढवून पाठवा, की कुदळ हातात घेण्यापूर्वी मागच्या गटाने केलेलं काम दाखवा म्हणावं. दाखवलं तर खणा. दाखवता आलं नाही, तर कुदळ खाली ठेवा, तिथल्या बायकांची त्या दिवसाची मजुरी द्या, आणि त्यांना विचारा की विहीर कुठे आहे.